‘फिटनेस २०२९ पर्यंत’: मग जुनी राजदूत खरंच फिट आहे का?

जुन्या मोटारसायकलच्या विक्रीचं रील तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलंच असेल. राजदूत, येझदी किंवा आरएक्स १००. चकचकीत टाकी, पहिल्याच किकला सुरू होणारं इंजिन आणि शेवटी एमपरिवहन अ‍ॅपचा स्क्रीनशॉट: ‘फिटनेस २०२९ पर्यंत’. खाली कमेंट, ‘पेपर क्लिअर आहेत का भाऊ?’ उत्तर, ‘एकदम क्लिअर.’

गाडी भरवशाची असल्याचा पुरावा म्हणून ही तारीख दाखवली जाते. पण तिचा अर्थ बहुतेकांना वाटतो तसा नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, जळगावजवळच्या असोद्यात, म्हणजे बहिणाबाईंच्या माहेरगावी, एखाद्या घराच्या ओट्याशेजारी १९८४ साली नोंदवलेली राजदूत १७५ उभी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षं चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे ही गाडी १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ साली परिवहन कार्यालयात गेली असणार. चाळीस वर्षांत सहा वेळा. २०२४ मध्ये पाच वर्षं मिळवली की २०२९ येतं. अ‍ॅपवरची तारीख ती हीच, नोंदणीच्या मुदतीची.

तुलनेसाठी रिक्षा किंवा टेम्पो बघा. त्यांना कलम ५६ खाली वेगळं फिटनेस प्रमाणपत्र लागतं. पहिली आठ वर्षं ते दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी काढावं लागतं. खासगी दुचाकीला असं काही नाही. तुमची गाडी नवी असेल, तर नियमानुसार १५ वर्षं तिचे ब्रेक कुणी तपासून बघणार नाही.

मग नूतनीकरणात काय होतं?

फॉर्म २५ भरायचा, विमा आणि पीयूसी जोडायची आणि गाडी निरीक्षकाला दाखवायची. इंजिन आणि चासी नंबर कागदाशी जुळतो का, दिवे, हॉर्न आणि नंबरप्लेट ठीक आहे का, हे पाहिलं जातं. गाडी पास झाली की नवी तारीख मिळते. ब्रेक लायनर किती उरले होते, स्टिअरिंगला खेळ होता का, किलोमीटर किती झाले होते, यातलं काहीही पुढच्या खरेदीदाराला अ‍ॅपवर दिसत नाही.

पीयूसीवरूनही फार कळत नाही. ती फक्त धुरापुरती असते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, नंतरच्या बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांसाठी ३.५ टक्के. मागचा टायर गुळगुळीत झालेली गाडीही ही चाचणी आरामात पास होते.

आता ब्रिटनकडे बघू, कारण तिथे याच गोष्टीची नोंद अगदी वेगळ्या पद्धतीने ठेवतात. तिथे तीन वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलची दरवर्षी ‘एमओटी’ तपासणी होते. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की कुणालाही २००५ पासूनचा इतिहास वाचता येतो: पास की नापास, नापास असेल तर कशामुळे, त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता, आणि ‘पास, पण अमुक भाग झिजत चाललाय’ अशा सूचनासुद्धा. चेन्नईत बनलेली बुलेट १९७७ पासून ब्रिटनला निर्यात होऊ लागली. म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बुलेटपैकी तिकडे गेलेलीच्या ब्रेकचा इतिहास ओळीओळीने वाचता येतो आणि जळगावात राहिलेलीची फक्त एक तारीख मिळते. मला यातला हा विरोधाभास सगळ्यात जास्त खटकतो.

अर्थात ती पद्धतही अगदी निर्दोष नाही. मे २०१८ पासून तिथे ४० वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून सूट आहे. म्हणजे गाडी खऱ्या अर्थाने ‘जुनी’ झाली की तिची नोंदच थांबू शकते. शिवाय तीस वर्षांनीही तपासणीला येते ती बहुधा जपलेलीच गाडी. बाकीच्या कधीच भंगारात गेलेल्या असतात. त्यामुळे ‘जुन्या गाड्या जास्त पास होतात, म्हणजे त्या जास्त दणकट’ असा निष्कर्ष काढला, तर तो फसवा ठरेल. ‘पूर्वीच्या गाड्या लोखंडाच्या होत्या’ म्हणणाऱ्या काकांनाही हेच उत्तर.

भरवशाची आणि सुरक्षित, या दोन वेगळ्या गोष्टी

राजदूत १७५ हे पोलंडच्या ‘एसएचएल एम-११’चं भारतीय रूप. एस्कॉर्ट्सने ती १९६० च्या दशकात आणली. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सोपी रचना. पॉइंट घासला, प्लग पुसला की गाडी सुरू. गावातला मिस्त्रीही ती खोलून जोडू शकतो. या अर्थाने ती भरवशाची. पण तिला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत आणि सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा. त्यात जळगावचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. उभ्या गाडीचे टायर आणि रबरी भाग त्यात वाळून तडकतात. पहिल्या किकला सुरू होणारी गाडी वेळेवर थांबेलच असं नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवर होते.

धोरण मात्र गाडीच्या वयावर चालतं. दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी २,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा. शुल्क वाढलं, पण खरेदीदाराला मिळणारी माहिती तेवढीच राहिली. जास्त पैसे घेताच आहात, तर तपासणीचे निष्कर्षही अ‍ॅपवर टाका, एवढी मागणी रास्त आहे.

‘मग व्हिंटेज नंबर घेऊ,’ असं काहीजण म्हणतात. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली असावी लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आपली १९८४ ची राजदूत २०३४ मध्ये पात्र होईल, पण मग तिच्यावरून रोज शेतात जाणं बंद.

तोपर्यंत जुनी गाडी घेताना स्क्रीनशॉट बाजूला ठेवा आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पुढचं चाक उचलून हँडल हलवून बघा, ब्रेक दाबून गाडी ढकलून बघा. गाडी तुमचीच असेल, तर मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. उशीर झाला तर दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा लागतात.