लोकर आणि लोकरीचे सोंग

आमचा भंडारा जिल्हा कोशाचा. लोकरीशी आमचा संबंध पौष-माघाच्या थंडीपुरता. तरी घरात पाळणा हलणार असे कळले, की आजी क्रोशाची सुई शोधू लागतात. टोपडे, पायमोजे नेहमीचेच. हल्ली शहरांतल्या लेकी-सुना फर्मावतात ती सुती लंगोटावर घालावयाची लोकरीची चड्डी!

मागणी गैर नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय हवा खेळती राहते. प्लॅस्टिकच्या चड्डीत बाळ नुसते उकडते.

घोटाळा आहे तो शब्दाचा. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ते बहुधा ॲक्रिलिक. आजींनी चार दुपारी डोळे ताणावेत आणि रात्री गादी भिजावी, हा कुठला न्याय? म्हणून धाग्याचे टोक चिमट्यात धरून जाळून पाहावे. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांनी चुरली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला, तर सोंग. धनगराची लोकर खरीच, पण ती घोंगडीची. बाळाच्या मांडीला टोचेल.

वीण आखूड खांबांची, घट्ट हवी, जाळी नको. कढत पाण्यात टाकाल, तर चड्डी आटून बाहुलीला येईल. कोमट पाण्यात थोडे लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीचाच स्निग्धांश, मुरवावे. न पिळता सावलीत वाळवावी. नुसती ओलावली, तर दर वेळी धुवायलाही नको, वाऱ्यावर टांगली की पुरे. हे ऐकून शेजारच्या आजींनी नाक मुरडले, आणि चड्डी धुतलीच.