विश्लेषण : मालक गेला की संघ का संपतो? इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतील रग्बी क्लबकडून भोर-वेल्ह्याने काय शिकावे?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत सुगी उरकली की गावोगावी ‘चषक’ सुरू होतात. कबड्डी, टेनिस बॉल क्रिकेट, कुठे व्हॉलीबॉल. टी-शर्टवर प्रायोजकाचे नाव मोठे आणि गावाचे नाव बारीक असते. दोन-तीन वर्षांत प्रायोजक बदलतो किंवा निवडणूक होऊन जाते आणि संघही दिसेनासा होतो. ‘पोरे कामाधंद्याला लागली’ असे कारण सांगितले जाते. ते पुरेसे नाही. इंग्लंडमधील एका मध्यम शहराचा रग्बी क्लब जवळपास १४० वर्षे टिकतो आणि पुण्यातील चार व्यावसायिक फुटबॉल संघ २०१५ ते २०१९ या काळात बंद होतात. या फरकाचे मोठे कारण पैशापेक्षा मालकीत आहे.

हा क्लब कोणता?

लंडनच्या उत्तरेला बेडफर्ड नावाचे शहर आहे. १८८६ मध्ये तेथील ‘रोव्हर्स’ आणि ‘स्विफ्ट्स’ हे दोन संघ एकत्र आले आणि आजचा ‘बेडफर्ड ब्लूज’ उभा राहिला. १८९३ पासून गोल्डिंग्टन रोड हेच त्याचे घरचे मैदान आहे. रग्बी युनियनमध्ये एका संघात १५ खेळाडू असतात. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, हाताने पास मात्र मागेच द्यायचा. समोरच्याला पकडून खाली पाडण्याचे कसब कबड्डीपटूला ओळखीचे वाटेल.

बेडफर्डच्या नावावर एक मोठा दिवस आहे. १९७५ च्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी रॉस्लिन पार्कला २८-१२ असे हरवले. १९८७ पासून श्रेणीनिहाय लीग सुरू झाली आणि बेडफर्ड वर-खाली होत राहिला. २००० पासून तो दुसऱ्या श्रेणीतच आहे. पावशतकात वर जाता आले नाही, पण क्लब बंदही पडला नाही.

पैसा आला तेव्हा काय झाले?

रग्बी युनियन १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी खेळ होता. खेळाडूंना मानधन देण्याची बंदी उठताच क्लब विकत घेणारे धनिक पुढे आले. १९९६ मध्ये बॉक्सिंगचे प्रवर्तक फ्रँक वॉरन यांच्या कंपनीने बेडफर्ड घेतला. नावाजलेले खेळाडू आले आणि १९९८ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत पोहोचला. त्याच हंगामात कंपनीची तिजोरी आटली, खेळाडूंचे पगार थकले. मालक बदलला तरी घडी बसली नाही. अखेर १९९९ मध्ये शहरातील व्यावसायिकांनी आणि समर्थकांनी मिळून क्लब वाचवला. पुढच्याच वर्षी संघ खाली घसरला, पण तो बेडफर्डमध्ये, आपल्याच मैदानावर राहिला.

विजेतेपदामुळे क्लब वाचतो का?

नाही. ‘जर्सी रेड्स’ने २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावले आणि काही महिन्यांतच, सप्टेंबरअखेर, कारभार बंद केला. पहिल्या श्रेणीतही वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब २०२२-२३ च्या एकाच हंगामात कोलमडले.

‘लंडन वेल्श’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. हा क्लब १८८५ चा, म्हणजे बेडफर्डपेक्षा वर्षाने मोठा. पहिल्या श्रेणीसाठी मोठे स्टेडियम लागते म्हणून २०१२ मध्ये तो ओल्ड डियर पार्क हे लंडनमधील जुने मैदान सोडून ऑक्सफर्डला परक्या स्टेडियमवर गेला. २०१४-१५ च्या हंगामात तो सर्व २२ सामने हरला. २०१६ च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत निघाली. पण क्लबची हौशी शाखा जिवंत होती. तिने ओल्ड डियर पार्कवरच लीगच्या बऱ्याच खालच्या पायरीवरून खेळ पुन्हा मांडला. कंपनी बुडाली, सभासद आणि मैदान उरले म्हणून क्लबचे नावही उरले.

पुण्यात काय घडले?

पुण्याने हाच खेळ फुटबॉलमध्ये पाहिला. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने ‘पुणे एफसी’ स्थापन केला. संघ आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून २००९ मध्ये वर आला, पहिल्याच हंगामात तिसरा राहिला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. त्याची अकादमीही देशात नावाजली गेली. तरीही २०१५ मध्ये वरिष्ठ संघ थांबवण्यात आला आणि पुढच्या वर्षी अकादमी ‘एफसी पुणे सिटी’कडे गेली. कल्याणी समूहाचा ‘भारत एफसी’ २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. ‘शिवाजियन्स’ हा शहरातील जुना क्लब ‘डीएसके शिवाजियन्स’ या नावाने आय-लीगमध्ये आला आणि २०१७ नंतर त्याचाही वरिष्ठ संघ उरला नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी उभा राहिलेला ‘एफसी पुणे सिटी’ २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली.

बालेवाडीत सामने पाहायला जाणाऱ्या चाहत्यांना यातल्या एकाही निर्णयात मत नव्हते. क्लब कंपनीचा, मैदान सरकारचे आणि चाहते फक्त तिकिटापुरते. अशा वेळी क्लब वाचवायला कोणी पुढे आले, तरी त्याने नेमके काय हातात घ्यायचे?

मग मालकच नको का?

असे म्हणणे एकांगी ठरेल. पुणे एफसीची अकादमी नुसत्या वर्गणीतून उभी राहिली नसती. सुरुवातीच्या वर्षांत सुपर लीगमध्ये बढती-घसरण नव्हती, त्यामुळे आय-लीगमधील क्लबवर खर्च करण्याचे कारणही आटले. बेडफर्डलाही प्रायोजक लागतात. दुसऱ्या श्रेणीतील अनेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. फरक एवढाच की प्रायोजकाने पाठ फिरवली तर बेडफर्डचे बजेट कमी होते, क्लबचे अस्तित्व संपत नाही.

भोर-वेल्ह्यात हे जमेल का?

गावाला हे नवीन नाही. जत्रेतला कुस्त्यांचा आखाडा याच पद्धतीवर चालतो. घरटी वर्गणी निघते, पंच गावचे असतात, रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत इनाम ठरते आणि हिशेब गावापुढे येतो. एखाद्या वर्षी मोठा देणगीदार आला नाही, तर इनाम कमी होते, आखाडा बंद पडत नाही. कबड्डीचा किंवा क्रिकेटचा संघ मात्र आपण एका माणसाच्या खिशावर सोडतो.

चार गोष्टी लगेच करता येतील. पहिली, मंडळाची रीतसर नोंदणी. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली ती होते. नोंदणी असूनही कार्यकारिणी बदलल्यावर चेंज रिपोर्ट न दिल्याने अनेक मंडळे कागदोपत्री जुन्याच नावांवर अडकलेली असतात. तो द्यावा, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे. दुसरी, मैदान. गावठाणातील किंवा शाळेची जागा खेळासाठी वापरण्याचा ग्रामसभेचा ठराव असावा. तोंडी परवानगी सरपंच बदलला की संपते. तिसरी, सभासद वर्गणी. रक्कम लहान चालेल, पण पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या खेळाडूनेही ती भरावी, म्हणजे गाव सोडले तरी क्लब सुटत नाही. चौथी, मुलामुलींचे कनिष्ठ संघ. दहावी-बारावीनंतरची पोरे भरतीच्या तयारीला किंवा कंपनीत जातात. त्यांच्या जागी खेळणारी पुढची तुकडी आधीच तयार हवी.

प्रायोजक जरूर घ्यावा. टी-शर्टवर त्याचे नावही लावावे. पण संघाचे नाव, बँक खाते आणि मैदानाचा ठराव हे तिन्ही गावाच्या मंडळाकडेच राहायला हवेत. पुढच्या चषकाचा फ्लेक्स छापण्याआधी प्रत्येक मंडळाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : ज्याचा फोटो वर आहे, त्याने पुढच्या वर्षी पैसे दिले नाहीत, तरी आपण मैदानात उतरू का?