गोफण द्या, नाही तर नौका नको

दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे गोष्ट मागितली होती. फराळाच्या ताटाशेजारी वाचायला गोष्टच बरी, हे मलाही कळते. परंतु गेले काही महिने एका विषयाने माझे डोके उठवले आहे, आणि तो विषय आहे विमानवाहू नौकेचा. वाचकांनी हसू नये. मी मॅट्रिकपलीकडे न शिकलेला मास्तर; कादंबऱ्या लिहितो आणि पोरांना भूमिती शिकवतो. आरमाराशी माझा संबंध एवढाच की, माझा एक विद्यार्थी आज युद्धनौकेवर रडारच्या पडद्यापुढे बसतो. सुट्टीवर आला की पाया पडतो, चकल्या खातो, आणि नौकेविषयी काही विचारले की पुन्हा चकलीकडे वळतो. त्याचे ते योग्यच आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते त्याच्याकडून ऐकलेले नव्हे. ते उघड छापलेले आहे आणि कोणालाही वाचता येते.

आपल्याकडे या विषयावर बोलणारे दोन प्रकारचे गृहस्थ भेटतात. पहिले म्हणतात, "हा पांढरा हत्ती आहे. एक क्षेपणास्त्र लागले की गेला तळाला!" दुसरे २६२ मीटर लांबीच्या नव्या 'विक्रांत'चे चित्र भिंतीवर लावतात, आणि प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवून मोकळे होतात. माझे भांडण दोघांशीही आहे. पण दुसऱ्यांशी अधिक, कारण मीही त्यांच्यातलाच आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला ती नौका नौदलात दाखल झाली तेव्हा माझेही डोळे भरून आले होते.

आता थोडी भूमिती. पृथ्वी गोल आहे, हे आपण चौथीत शिकतो आणि पाचवीत विसरतो. समुद्रापासून ३० मीटर उंचीवर रडार बसवले, आणि शत्रूचे क्षेपणास्त्र लाटांवरून अवघ्या ५ मीटर उंचीने येत असले, तर ते सुमारे ३२ किलोमीटरवर येईपर्यंत क्षितिजाआड दडलेले असते. रडार कितीही भारी आणा, पृथ्वीची पाठ काही त्याला फोडता येत नाही. साधे क्षेपणास्त्र हे अंतर दोन मिनिटांच्या आत कापते. आपल्या 'ब्राह्मोस'च्या वेगाचे असेल तर अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ. एवढ्या वेळात ते ओळखायचे, 'बराक-८' सोडायचे, शत्रूच्या रडारला चकवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग हवेत उडवायचा, आणि सगळेच चुकले तर शेवटी मिनिटाला हजारो गोळ्या ओकणारी तोफ. २०२४ च्या जानेवारीत तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या 'ग्रेव्हली' या विनाशिकेवर हीच शेवटची पाळी आली होती. क्षेपणास्त्र मैलभर अंतरावर आले तेव्हा कुठे तोफेने ते पाडले.

मग उपाय काय? जो आपल्या किल्ल्यांवर होता तोच. टेहळणीचा बुरूज उंच करायचा. आठ हजार मीटरवर उडणाऱ्या विमानात रडार ठेवले की तेच क्षितिज पावणेचारशे किलोमीटरवर जाते, आणि दोन मिनिटांची वीस मिनिटे होतात. परंतु असले जड विमान 'विक्रांत'च्या पुढच्या चढत्या धक्क्यावरून उडत नाही. त्याला गोफण लागते. पूर्वी ती वाफेची असे. आता विजेची आली आहे. धावपट्टीत बसवलेल्या लांबलचक चुंबकांच्या रांगेत वीज सोडायची, की शंभर मीटरच्या आत, दोन-तीन सेकंदांत विमान आकाशात. हलके असो वा जड, जोर हवा तसा कमी-जास्त करता येतो. अमेरिकेच्या 'जेराल्ड फोर्ड'वर ती २०१७ पासून आहे. चीनची 'फुजियान' ५ नोव्हेंबर २०२५ रोजी दाखल झाली तीही अशीच गोफण घेऊन, आणि दाखल होण्यापूर्वीच तिच्यावरून रडारवाले विमान उडवून दाखवले गेले होते.

आमच्या 'विक्रांत'वर हे काम कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरकडे आहे. मुळीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पण त्याला ती उंची नाही, आणि इंधनासाठी लवकर परतावे लागते. आणि मनाला लागते ती गोष्ट निराळीच. १९६१ साली मुंबईला आलेल्या पहिल्या 'विक्रांत'वर गोफण होती! वाफेची का होईना, होती. पुढे आपणच ती काढून चढता धक्का बसवला.

असे करणाऱ्यांचे काय होते ते इंग्रजांना विचारा. त्यांच्या 'आर्क रॉयल'वर गोफण होती आणि गॅनेट जातीची रडारवाली विमानेही होती. १९७८-७९ मध्ये दोन्ही मोडीत निघाली. तीनच वर्षांनी फॉकलंडचे युद्ध उभे राहिले. 'हर्मीज' आणि 'इन्व्हिन्सिबल' या दोन विमानवाहू नौका निघाल्या, पण उंचावरचा डोळा एकीकडेही नव्हता. म्हणून विनाशिकांनाच पुढे पहाऱ्याला उभे केले. ४ मे १९८२ रोजी त्यांतल्या 'शेफिल्ड'वर एक्झोसेट आदळले आणि २० माणसे गेली. शेजारच्या 'ग्लासगो'ने धोका ओळखून इशारा दिला होता, पण 'शेफिल्ड'वरून चकव्याचा एक ढगसुद्धा उडाला नाही. रडारवाली हेलिकॉप्टरे इंग्रजांनी घाईघाईने तयार केली, ती लढाई संपल्यावर पोचली. आणि ती 'हर्मीज' कोण, ठाऊक आहे? १९८७ साली आपल्याकडे आलेली 'विराट'. धडा शिकलेली नौकाच आपण घरी आणून तीस वर्षे वापरली. धडा मात्र तिकडेच राहिला.

कोणी म्हणेल, विजेची गोफण महाग आहे आणि बिघडते. खरे आहे. 'फोर्ड'वरची गोफण ठरल्यापेक्षा फार वेळा बंद पडते, असे अमेरिकेचेच चाचणी-अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले. तिला वीजही प्रचंड लागते, त्यामुळे नौका मोठी बांधावी लागते. म्हणूनच म्हणतो, तिसऱ्या विमानवाहू नौकेची चर्चा चालली आहे तोवरच हा हिशेब मांडा. चालू नौकेची धावपट्टी फोडून गोफण बसवणे म्हणजे राहत्या घरात विहीर खणणे. 'विक्रांत'ला सुमारे वीस हजार कोटी रुपये लागले. दुसरी तशीच, त्याच धक्क्याची नौका बांधायला निदान तेवढे तरी लागतील. ते असतील तर आणखी घाला आणि तिला डोळा द्या. नसतील तर ती नौका बांधूच नका. त्या पैशात पाणबुड्या घ्या, विनाशिकांवर क्षेपणास्त्रांचा साठा वाढवा, माझगाव गोदीला काम द्या. पांढऱ्या हत्तीवाले गृहस्थ हे ऐकून टाळ्या पिटतील. खुशाल पिटोत.

गेल्या दिवाळीत तो विद्यार्थी आला नाही, कामावर होता. त्याची आई चकल्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, त्या पडद्यावर त्याला काय दिसतं हो?"

मी म्हटले, "बत्तीस किलोमीटर, वहिनी."

तिला ते पुष्कळ वाटले.