इंजेक्टर बदलायच्या आधी विचारा: तपासलं का?

"चारही इंजेक्टर गेलेत साहेब. बदलावे लागतील. १४ हजार होतील."

पेणमधल्या एका गॅरेजात गेल्या महिन्यात मला हे ऐकवलं गेलं. गाडी २०१२ ची, पेट्रोल, चार सिलिंडरची. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये झटके देत होती, उभी असली की थरथरत होती. स्कॅनरने तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर दाखवला आणि बिल मात्र चार इंजेक्टरचं! बाकीचे तीन खराब कशावरून, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे, एकदमच बदलतात."

मंडळी, स्कॅनर फक्त सांगतो की त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. का जळत नाही, ते माणसाने शोधायचं असतं. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशनही असेल.

दुसऱ्या दिवशी रोह्याला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावली, फॉल्ट हलला नाही. प्लगची अदलाबदल केली, तरी तेच. मग पेट्रोल लाइनचं प्रेशर काढून दोन इंजेक्टरची जागा बदलली, तर मिसफायर दुसऱ्या सिलिंडरवर गेला. चोर सापडला! एकच इंजेक्टर, तोही जळालेला नाही, चोंदलेला. मशीनवर साफ केला, फवारा बघितला, नवे ओ-रिंग घातले, फिल्टर बदलला. खर्च ३ हजारांच्या आत.

डिझेलवाल्यांनो, तुमचा फटका तर याहून मोठा असतो. कॉमन रेल गाडीत इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडल्या की कोण जास्त डिझेल मागे फेकतोय ते डोळ्यांना दिसतं. एवढी साधी चाचणी न करता "सगळे बदला" म्हणणाऱ्याच्या हातात चावी देऊ नका.

आता मुद्दा पुढचा. माझ्या जुन्या फिल्टरमध्ये गाळ निघाला. तो इथेनॉलमुळेच सुटला असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुन्या टाकीतला साचलेला मळ सोडवू शकतं, हे कुठलाही जाणकार सांगेल. आणि आपल्या कोकणात ओलाव्याला काय तोटा!

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं. त्याला चालतील अशा गाड्या यायला लागल्या एप्रिल २०२३ पासून. मग त्याआधीच्या गाड्यांचं काय? पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, पण ते स्वस्त आहे म्हणे. कोणाला स्वस्त? मायलेजही काही गाड्यांत ३ ते ६ टक्के घटेल असा त्यांचाच अंदाज. म्हणजे निर्णय दिल्लीचा, फिल्टर आमचा, बिलही आमचंच!

इथेनॉलला माझा विरोध नाही. ऊसवाल्याला दोन पैसे मिळोत. पण जुन्या गाडीवाल्याला न विचारता, पर्याय न देता त्याच्या खिशात हात घालू नका. गॅरेजवाला तपासल्याशिवाय बिल लावतो, सरकारने तरी वेगळं काय केलं?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा आणि शुद्धता जाणून घ्यायचा हक्क आपल्याला दिलाय. तो वापरा. पंपावर इथेनॉल किती टक्के ते विचारा. शंका आली तर फिल्टर पेपर चाचणी मागा, ती नाकारता येत नाही. गॅरेजात जुना पार्ट परत मागा आणि काय तपासलं ते बिलावर लिहून घ्या. फसवणूक झालीच तर १९१५ वर फोन करा, नाहीतर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

पेण-रोह्यातल्या जुन्या गाडीवाल्यांनो, तुमचा अनुभव खाली लिहा. गप्प बसलात तर पुढचं बिल तुमचंच.