त्रिरश्मीचा पुरावा आपल्याच हातून झिजू नये

नाशिकच्या लेण्यांना लोक अजून 'पांडवलेणी' म्हणतात. खरे नाव लेणी क्रमांक 10 मधल्या उषवदाताच्या शिलालेखातच आहे: त्रिरश्मी पर्वत. क्रमांक 3 ची लेणी राजमाता गौतमी बलश्रीने भिक्खू संघाला दान दिली. पण चैत्यगृहाच्या दारावर नाव आहे धंभिक गावाचे. साध्या गावाचे!

नावाचा वाद या अक्षरांवरच जिंकता येईल, म्हणून धम्मलिपी शिकणारी आपली तरुण मुले मोलाची. पण लेणी पाहायला जाणारे आपलेच काही बांधव आत मेणबत्त्या लावतात, झिजलेल्या अक्षरांवरून हात फिरवतात. (श्रद्धेनेच, हे मान्य.) काजळी बसली, ओळ पुसट झाली, की उद्या दाखवणार काय? वंदना बाहेरच्या अंगणात घ्या. मेणबत्ती घरीच राहू द्या, आणि प्रत्येक भेटीत लेखांचे स्वच्छ फोटो तारखेसह जपून ठेवा.