दारावर थाप पडली तेव्हा तांडा फडात होता




पुढच्या साथीसाठी जिल्ह्याचा आराखडा करताना ऑक्सिजन, खाटा, औषधसाठा यांची मोजदाद होते. ती व्हायलाच हवी. पण माणसे वर्षातून किती महिने गावात असतात, हे कोण मोजणार?

3 नोव्हेंबर 2021 ला पंतप्रधानांनी कोरोना लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली. निम्म्या लोकांनाही पहिला डोस न मिळालेल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सहा होते: औरंगाबाद, नांदेड, बुलढाणा, नंदुरबार, अकोला आणि आपला हिंगोली. त्याच सुमारास घरोघरी जाऊन लस देण्यासाठी ‘हर घर दस्तक’ मोहीम निघाली. ती बैठक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते, आणि त्या वर्षीचा ऊस गाळप हंगाम 15 ऑक्टोबरलाच सुरू झाला होता. कळमनुरी, सेनगाव, औंढा भागातल्या तांड्यांवर, वाड्यांवर कर्ती माणसे ऊसतोडीला गेल्याने तोवर म्हातारी माणसे आणि लहान लेकरेच उरली होती. थाप पडत होती ती कुलपांवर.

आपल्या लोकांनी लस घेतली नाही याचे खापर अफवांवर फुटले. अफवा होत्याच, मी शिक्षक म्हणून सर्वेक्षणात फिरलो आहे, ‘सुई घेतली की माणूस मरतो’ हे कानांनी ऐकले आहे. पण ज्यांनी उन्हाळ्यात लस मागितली, त्यांचे काय झाले? 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयाच्या लोकांसाठी मोबाइलवर नोंदणी सक्तीची झाली. आमच्या जवळच्या केंद्रावर शहरातून गाड्या करून आलेली तरुण मुले रांगेत उभी होती आणि तोडणीवरून नुकती परतलेली माणसे झाडाखाली बसून होती. त्यांच्याकडे साधा फोन, तोही घरात एक. जी माणसे त्या काळात हमखास गावात होती, त्यांनाच नियमाने परत पाठवले. काही आठवड्यांनी सरकारी केंद्रांवर थेट नोंदणी सुरू झाली, तोवर पेरणीची धांदल आली.

ज्यांनी ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतला, त्यांचा कोविशिल्डचा दुसरा डोस 84 दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरात. तेव्हा हा कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतो. दवाखान्यात जायचे तर दोघा नवरा-बायकोचा खाडा पडतो, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटायच्या आधीच खाड्याचे पैसे कापले जातात. कोयत्यातल्या बाईने दिवसभराची मजुरी सोडून परक्या तालुक्यात लसीचे केंद्र शोधावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत लाखाहून अधिक तोडणी कामगार कारखान्यांच्या आवारात आणि फडांवर अडकले होते. महिना होत आला तेव्हा, 17 एप्रिलला, त्यांना घरी जाण्याची परवानगी मिळाली. तोडणी मात्र त्या दिवसांतही चालू होती. साखर थांबू नये याची तजवीज झाली, तशी फडावरच्या कोपीत राहणाऱ्या माणसाची झाली नाही.

दिवंगत गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रे सुरू झाली आहेत. ती यादी गावनिहाय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असली पाहिजे. मे ते सप्टेंबर हे आपल्या जिल्ह्याचे लसीकरणाचे महिने मानावेत. उरलेल्या काळात ज्या जिल्ह्यात कारखाना, त्या जिल्ह्याच्या आरोग्य पथकाने फडावर जाऊन डोस द्यावा, आणि त्या पथकाच्या कामाचा हिशेब त्याच जिल्ह्याच्या उद्दिष्टात धरावा. तसे झाले नाही तर पाहुण्या कोयत्यासाठी कोणी गाडी काढणार नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, याचा मनापासून आनंद आहे. तिथल्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाने दसऱ्याआधी तांड्यांवर जाऊन कोण कुठल्या कारखान्याला निघाले, कोण गरोदर आहे, कोणाला क्षय किंवा मधुमेह आहे, एवढे लिहून घेतले तरी साथ येईल तेव्हा त्या माणसांना शोधायचे कुठे, हे कळेल. यंदाच्या दसऱ्याआधी हे सुरू व्हावे, अशी जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षक, ता. कळमनुरी, जि. हिंगोली