तिसरा खंड मराठीत का नाही?

अमीश त्रिपाठी यांच्या शिवकथेचा तिसरा आणि शेवटचा खंड फेब्रुवारी २०१३मध्ये इंग्रजीत आला आणि पुढे ‘वायुपुत्रांची शपथ’ या नावाने मराठीत उतरला. लेखक मुंबईचा, झेवियर्स महाविद्यालयात शिकलेला, विमा कंपनीत नोकरी करता करता लिहू लागलेला. त्याच्या पहिल्या पुस्तकाला अनेक प्रकाशकांनी नकार दिला होता, तरी त्याने तीनही खंड पुरे केले. झेवियर्सपासून गिरगावातली खटाववाडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मौज, मॅजेस्टिक, त्याआधी का. र. मित्रांचे ‘मनोरंजन’ अशी मराठी पुस्तकांची आणि मासिकांची किती नावे या टापूशी जोडलेली आहेत! आणि तरीही याच शहरात सुचलेली, शंकराला नायक करणारी, युद्ध आणि संहार यांतून जाणारी अद्भुतकथा मराठी वाचकाला मिळाली ती इंग्रजीचा वळसा घालून. टोल्किनची महाकथा मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली, हे मोठ्या कष्टाचे काम आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. प्रश्न मूळ लेखनाचा आहे. काळोख्या, विस्तृत अद्भुतकथेचे नाव काढले की आपल्याला भाषांतरेच आठवतात, हे का? वाचक अरसिक आहे किंवा आपली कल्पनाशक्ती तोकडी आहे, ही दोन्ही उत्तरे मला पटत नाहीत. आपण अद्भुताला कधी शेवटपर्यंत जाऊच दिले नाही, हे खरे कारण आहे.

शेवटपर्यंत जाणे म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. अशा कथेच्या पहिल्या खंडात नवे जग उभे राहते, दुसऱ्यात संकट वाढते. ही दोन्ही कामे अवघड असली तरी हुशार लेखकाला साधतात. कसोटी लागते ती तिसऱ्यात, कारण तिथे झालेल्या नुकसानाचा हिशेब द्यावा लागतो. टोल्किनचा शेवटचा खंड १९५५चा. जी मुद्रिका नष्ट करायला फ्रोडो शेकडो कोस चालत आला, ती अग्नीच्या कड्यावर उभा राहिल्यावर त्याच्याच्याने टाकवत नाही. ती माझी आहे असे म्हणून तो बोटात घालतो. नायक ऐन क्षणी हरतो, आणि मुद्रिका नष्ट होते ती मोहाने वेड्या झालेल्या गॉलमच्या झटापटीत. त्यानंतरही लेखक तब्बल सहा प्रकरणे लिहितो. घरी परतलेल्यांना गाव उद्ध्वस्त झालेले दिसते, आणि ज्याने जग वाचवले त्याला त्या गावात राहवत नाही, तो समुद्रापार निघून जातो. पहिल्या महायुद्धात सोमच्या खंदकांत लढून आलेल्या माणसाने लिहिलेला हा शेवट आहे. ‘वायुपुत्रांची शपथ’ची भाषा पुष्कळ ठिकाणी सैल आहे, संवाद आजच्या कार्यालयातले वाटतात. पण सतीच्या हत्येनंतर पाशुपतास्त्राने देवगिरी भस्म करणारा शिव दाखवण्याचे धैर्य त्या लेखकाने केले. ज्या सोमरसाने एक संस्कृती घडवली तोच तिचे विष ठरतो, ही कल्पनाही तिसऱ्या खंडाशिवाय नुसती चमकदार सूचना उरली असती.

हे आपल्याला परके आहे असे कोण म्हणेल? महाभारताच्या अठरा पर्वांपैकी दहाव्यात, सौप्तिक पर्वात, शेवटची कत्तल होऊन जाते. पुढची आठ पर्वे त्यानंतरची आहेत. विधवांचा आक्रोश, शरपंजरी भीष्म, वनात वणव्यात जळालेले धृतराष्ट्र-गांधारी-कुंती, आपसात मुसळांनी मेलेले यादव, आणि हिमालयात एकेक करून कोसळणारे विजेते. मराठीने या उत्तरार्धावर जितके मन लावून लिहिले तितके पूर्वार्धावर क्वचितच. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२चे, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७चे. रत्नाकर मतकरींनी १९७४ साली ‘आरण्यक’ रंगभूमीवर आणले, त्यात युद्ध कधीच संपलेले आहे आणि उरलेली म्हातारी माणसे अरण्यात आपापल्या पापांशी बोलत आहेत. चव्वेचाळीस वर्षांनी तेच नाटक पुन्हा उभे राहिले, रवी पटवर्धन आणि दिलीप प्रभावळकर यांच्या त्याच भूमिकांसह, तेव्हाही प्रेक्षक आले. दादरच्या छबिलदास शाळेतून प्रायोगिक नाटकाची चळवळ चालवणाऱ्या ‘आविष्कार’ने १९९४मध्ये महेश एलकुंचवारांची तीन नाटके, ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’, चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली एका दिवसात सलग केली. सुमारे नऊ तासांचा तो प्रयोग. तिसऱ्या नाटकात धरणगावकर देशपांड्यांचा वाडाच काय, भोवतालची जमीनही वाळवंट होत चाललेली आहे. इतका उदास तिसरा भाग पाहायला माणसे नऊ तास बसली. मराठी रसिकाला लांबी सोसत नाही, अंधार सोसत नाही, या दोन्ही समजुतींना याहून चोख उत्तर सापडणार नाही.

मग कादंबरीत गाडे कुठे अडले? खरे तर आपल्या कादंबरीचे बालपण अद्भुतातच गेले. १८६१ची ‘मुक्तामाला’, १८६६ची ‘रत्नप्रभा’, १८६८ची ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांत योगायोग, हरवलेली राजकन्या, दुष्ट कारस्थाने यांची रेलचेल आहे. ‘मंजुघोषा’कार नारो सदाशिव रिसबुडांनी प्रस्तावनेत कारणही सांगून टाकले: आपल्या हिंदूंच्या आयुष्यात रस वाटावा असे ना दुर्गुण ना सद्गुण, तेव्हा कादंबरीकाराने अद्भुताकडे वळायचे नाही तर काय करायचे? ही मोठी गफलत होती. अद्भुताचा आधार त्यांनी आयुष्य बेचव वाटते म्हणून घेतला. ज्या गोष्टींचे भय सरळ शब्दांत मावत नाही त्यांच्यासाठी अद्भुत लागते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. त्यामुळे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मधून केशवपन झालेल्या मुलीचे दुःख समोर ठेवले, तेव्हा राजकन्या आणि गुहा एकदम पोरकट दिसू लागल्या. हरिभाऊंचा विजय न्याय्य होता. चूक झाली ती पुढे. वास्तवाला मान मिळाला तो योग्यच, पण त्यासोबत अद्भुताची रवानगी बालवाङ्मयात आणि फिरत्या वाचनालयाच्या खालच्या फळीवर झाली. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, पण तिच्यावर गंभीरपणे लिहिणारे थोडे. गिरगावातून बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. नारायण धारपांनी भयकथेला स्वतःचे दैवतशास्त्र दिले, ‘समर्थ’सारखा नायक पुस्तकामागून पुस्तकात चालवला. या सगळ्यांकडे वाचक होते. समीक्षक नव्हते, आणि तीन वर्षे एकाच कथेवर बस असे सांगणारा प्रकाशक नव्हता. आठवडाभरात संपणारे, पुढच्या महिन्यात नवे मागणारे पुस्तक हेच त्या लेखनाचे अर्थकारण झाले. अशा मांडणीत मालिका वाढत जाते, संपत नाही. अर्नाळकरांचा नायक ‘झुंजार’ पुढच्या पुस्तकात पुन्हा ताजातवाना उभा असतो, त्याच्या अंगावर मागच्या कथेचा ओरखडाही राहत नाही.

याची किंमत काय पडली, हे ‘तुंबाड’ने दाखवले. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट ऑक्टोबर २०१८मध्ये आला. त्याच्या मुळाशी धारपांची कथा आहे, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेले, पाऊस कोकणचा, वाडा मराठी ब्राह्मणाचा. चित्रपट तीन प्रकरणांत मांडला आहे आणि तिसरे प्रकरण १९४७चे आहे. देवीच्या उदरात कोंडलेल्या हस्तरपुढे पिठाची बाहुली टाकायची, तो ती खाईपर्यंत त्याच्या लंगोटातल्या मोहरा झटकायच्या, हा नायक विनायकचा वर्षानुवर्षांचा धंदा. मुलाला एक युक्ती सुचते, एकाऐवजी अनेक बाहुल्या नेऊ. तितकेच हस्तर अंगावर येतात. मुलाला वाचवायला बाप त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो. शेवटी विद्रूप झालेला तो बाप मोहरांनी भरलेला लंगोट मुलापुढे धरतो, आणि मुलगा तो घेत नाही. तीन पिढ्यांच्या हव्यासाचा हिशेब त्या एका नकारात चुकता होतो. सप्टेंबर २०२४मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. माती, कथाबीज, माणसे सगळे मराठी. भाषा मात्र हिंदी. दिग्दर्शकाला दोष देण्याचे कारण नाही. असे काही मराठीत उभे राहू शकते, हा भरवसा आपण त्याला कधी दिला?

यावर पहिला आक्षेप येईल तो पौराणिक कादंबरीचा. ‘ययाति’ आहे, ‘मृत्युंजय’ आहे, मग आणखी काय हवे? या कादंबऱ्यांनी मराठी वाचक घडवला, हे कबूलच. पण तिथे शेवट वाचकाला पाठ असतो. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते, लेखकाचे कसब त्या क्षणापर्यंत नेण्यात. स्वतः रचलेल्या जगात कोण मरेल, काय वाचेल आणि वाचलेले वाचण्याच्या लायकीचे होते का, याची सगळी जबाबदारी लेखकावर येते. ही वेगळी आणि अधिक एकाकी मेहनत आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ज्या महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा होण्यासाठी २०१३पर्यंत झगडावे लागले, तिथे चेटूक आणि शापांच्या कथांना उत्तेजन का द्यायचे? उत्तर असे, की बुवा आपली गोष्ट खरी म्हणून विकतो, कादंबरीकार ती रचलेली आहे असे मुखपृष्ठावरच सांगतो. लालबाग-परळच्या कामगारांनी दामोदर नाट्यगृहात आणि चाळींच्या पटांगणांत दशावतार पाहिले. काळ्या कपड्यातला, लांब तांबडी जीभ लोंबवणारा, मालवणीत खेचाखेची करणारा संकासुर त्यांनी मनमुराद पाहिला, आणि सकाळी भोंगा वाजताच तीच माणसे गिरणीत गेली. संकासुर हे सोंग आहे हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

तिसरा आक्षेप याच वस्तीतून येतो. इथली दुःखे इतकी उघडी आहेत की त्यांना कल्पित जगाची झूल घालणे म्हणजे पळ काढणे, असे वाटू शकते. पण गिरणगावाची गोष्ट पाहा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप आजवर रीतसर मागे घेतला गेलेला नाही. गिरण्या गेल्या, चिमण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, तरी या महाकथेचा शेवटचा भाग कोणी जाहीर केला नाही. हे सारे नुसत्या वास्तववादी चिमटीत पकडता येत नाही, हे जयंत पवारांना उमगले होते. ‘अधांतर’सारखे सरळ वास्तववादी नाटक लिहिणारा हा लेखक कथेकडे आला तेव्हा रहस्यकथा, दंतकथा, अद्भुत यांच्याकडे वळला. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हृषीकेश गुप्ते यांच्या ‘अंधारवारी’ आणि ‘दंशकाल’नेही भयाला साहित्यात मानाची जागा मिळू शकते हे दाखवले आहे. वाट मोकळी आहे. तिच्यावरून तीन खंड चालत जाणारा पाहिजे.

राहिला पैशाचा मुद्दा, तो टाळून चालणार नाही. पहिला खंड पडला तर दुसरा कोण छापणार, ही प्रकाशकाची भीती खरी आहे. पण हरिभाऊंच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून क्रमशः आल्या, गुंजीकरांचे ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तार’मधून. क्रमशः छापण्याची ती रीत रविवारच्या पुरवण्यांना आजही परवडेल. दिवाळी अंकांनी सलग तीन वर्षे एकाच कथेला जागा देऊन पाहावी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८पासून चालत आलेल्या संस्थांनी अशा लेखकाला पहिल्या खंडापासून वाचक आणि चर्चा मिळवून द्यावी. लेखकांना सांगायचे ते एवढेच: टोल्किनने आपली कथा एकच ग्रंथ म्हणून पुरी लिहिली होती, महायुद्धानंतरच्या महागाईमुळे प्रकाशकाने तिचे तीन भाग केले. म्हणजे पहिला भाग छापायला गेला तेव्हा शेवट लिहून झालेला होता. गिरगावात, परळमध्ये, दादरमध्ये जो कोणी आज वहीत असे जग रचत असेल, त्याने शेवट आधी लिहून पुरा करावा, मग पहिला खंड घेऊन प्रकाशकाचे दार ठोठावावे.